तशी बरी आहे

मंगळवारी सकाळी आठ वाजून अकरा मिनिटांनी, घरचा फोन कानाला लावून मी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या रांगेत सतराव्या नंबरवर लटकलेली असताना, मांडीवरच्या मोबाईलनं टुंग केलं आणि मला कळवलं की माझी तब्येत सुधारते आहे. ‘आपली लक्षणे सौम्य असून सुधारणा होत असल्याने विषाणूविरोधी उपचारांसाठीची आपली नोंद बंद करण्यात आली आहे. लवकर बरे व्हा.’ मी ते तीनदा वाचलं. वाचताना मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते, कारण चौथीवर चढायला छातीत दम नव्हता. वर न्हाणीघरात जायला निघाले होते, ते राहिलंच. अंग तापानं फणफणलेलं, गाऊन पाठीला चिकटलेला, आणि घशात कुणीतरी किसणी अडकवून ठेवलेली. सुधारणा! कुणी केली, कधी केली, आणि मला न विचारता केलीच कशी? कानातल्या फोनमध्ये ते व्हायोलिन चालूच होतं, मधे मधे ते थांबे आणि एक बाई मला सांगे की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा, डोंबल. मी त्या व्हायोलिनला तोंडानं एक शिवी घातली, माझ्या आईनं ऐकली असती तर साबणानं जीभ धुतली असती अशी, आणि लगेच पुढे खोकल्याची अशी उबळ आली की ती शिवीही मला महागात पडली.

गोष्ट साधी आहे, लहान मुलालाही कळेल, फक्त फोनवरच्या लोकांना कळत नाही. माझ्या पोटात उजवीकडे माझ्या बहिणीची किडनी आहे. लिनेटची, धाकटीची. अकरा वर्षांपूर्वी तिनं दिली. ती किडनी माझ्या शरीरानं परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी मी सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या घेते, त्या माझ्या प्रतिकारशक्तीला झोपवून ठेवतात. म्हणजे इतरांना जो कोव्हिड चार दिवस अंगदुखी आणि टीव्हीसमोर सूप, तोच मला हॉस्पिटलात नेऊ शकतो, आणि मी वाचले तरी लिनेटची किडनी वाचेलच असं नाही. म्हणून आमच्यासारख्यांसाठी औषध आहे. फुकट आहे, सरकारनं कबूल केलेलं आहे, कपाटात तयार आहे. अट एकच, लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत ते अंगात जायला हवं. माझा घसा धरला शुक्रवारी संध्याकाळी. बुधवारी संध्याकाळी मुदत संपणार. आणि हा मंगळवार.

पत्र आहे माझ्याकडे. फ्रिजवर, स्कारबरोच्या समुद्रकिनाऱ्याहून आणलेल्या खेकड्याच्या चुंबकाखाली, तीन वर्षं जपून ठेवलेलं. ‘बेव्हर्ली हॉल्डन, आपण सर्वाधिक धोका असलेल्या गटात मोडता.’ आयुष्यात कुठल्याच सर्वाधिक गटात मी नव्हते, शाळेत नव्हते, नाचात नव्हते, एकदा कुठे मोडले तर ते इथे. शनिवारी सकाळी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा मला खरं सांगायचं तर फारशी भीती वाटली नाही. वाटलं, पत्र आहे, पत्रावर नंबर आहे. नंबर फिरवला. हा क्रमांक आता वापरात नाही. मग सरकारी आरोग्य मदतीचा फोन. चाळीस मिनिटं तेच व्हायोलिन, मग एक पोरगा, संगणकावरचे प्रश्न वाचून दाखवणारा. ‘तुमचा श्वास चालू आहे का?’ म्हटलं, ‘बाळा, मी तुझ्याशी बोलतेय ना?’ म्हणाला, ‘हो किंवा नाही सांगा.’ हो, सांगितलं. त्यानं सांगितलं, हे काम तुमच्या डॉक्टरांचं. डॉक्टर शनिवारी बंद, रविवारी बंद, आणि सोमवारी मे महिन्यातली बँकेची सुट्टी, म्हणजे देशभर सगळंच बंद. बँकेची! बँका बंद म्हणून विषाणूही पाय पसरून घरी बसतो की काय? रविवारी पुन्हा फोन केला, तर दुसरी एक बाई म्हणाली, डॉक्टरांचं कामच नाही हे, तुम्हाला कुणी सांगितलं, हे तर औषध केंद्राचं काम, थांबा, मीच नाव पाठवते. पाठवलंन. देव तिचं भलं करो. आणि सोमवारी, सुट्टी असून, केंद्रातून एका नर्सचा फोनही आला. गोड बाई होती. चार मिनिटं बोलली, म्हणाली, कळवतो. आणि हे असं कळवलं.

सतराचे नऊ झाले, नवाचे चार. आमच्याकडे हे रोजचं आहे, आठला फोन सुरू होतो आणि सगळं गाव एकदम नंबर फिरवतं, आणि जे आठ वाजून एक मिनिटानं फिरवतात ते शेपटाला. मी आठला पाच सेकंद कमी असताना फिरवला होता, तरी सतरावी. पायरीचा गालिचा पायाखाली ओलसर लागत होता, किंवा माझे पायच ओले होते. जिन्याच्या कठड्यावर आईचा फोटो आहे, तिच्या सुताच्या गिरणीच्या सहलीतला, डोळे बारीक करून उन्हात हसणारी. मी तिला म्हटलं, बघ गं बघ, तुझी लेक सुधारते आहे.

शेवटी शॅनन आली फोनवर. दवाखान्याच्या खिडकीत बसणारी, वय पंचवीस, नखांना दर आठवड्याला नवा रंग, आणि ती मला ‘राणी’ म्हणते. मला म्हणजे सगळ्यांनाच, आमच्या यॉर्कशरमध्ये बसचा ड्रायव्हरही म्हणतो, पण त्रेसष्टाव्या वर्षी तापात ते ऐकलं की डोळे भरून येतात, हा काय मूर्खपणा आहे कळत नाही. ‘सांगा राणी, काय झालं?’ मी सांगितलं. पत्र, किडनी, शनिवार, व्हायोलिन, पोरगा, रविवारची बाई, सोमवारची नर्स, आणि हा संदेश. सांगताना मधे चारदा खोकले. तिनं कीबोर्ड खडखडवला. ‘थांबा हं, केंद्राची नोंद दिसतेय मला. काल दहा वीसला फोन. वाचू?’ वाच म्हटलं. ‘पेशंटला कसं वाटतंय असं विचारलं असता, पेशंट म्हणते, तशी बरी आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही.’ ‘बेव्हर्ली,’ ती म्हणाली, राणी न म्हणता, ‘असं म्हणालात तुम्ही?’

म्हणाले होते की! तिनं वाचलं आणि मला ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं. नर्सनं विचारलं, ‘कशा आहात आज, बेव्हर्ली?’ आणि मी म्हटलं, ‘तशी बरी आहे, थँक्यू, तक्रार करण्यासारखं काही नाही, तुम्ही कशा आहात?’ आणि ती म्हणाली, ‘मीही तशी बरीच.’ हवापाण्याच्याही दोन गोष्टी झाल्या, सुट्टीच्या दिवशीच कसा पाऊस येतो, वगैरे. मला वाटलं, ही नमस्काराची बोलणी झाली, आता ती तपासणीचे प्रश्न विचारील. पण तोच प्रश्न होता! आणि मी त्याचं उत्तर दिलं होतं. अहो, कुणीही विचारलं तरी आम्ही तेच म्हणतो. ट्रॅमखाली पाय गेला असला तरी स्ट्रेचरवरून म्हणू, तशी बरी आहे, तुम्हाला उगाच त्रास. ते उत्तर नसतंच मुळी, ते दार लोटून घेणं असतं. ते कुणी वहीत लिहून ठेवतं का? आणि तेही त्या बाईनं, जी याच मातीतली, जी स्वतः दोन सेकंदांनी तेच म्हणाली? मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले, आणि उभी राहिल्या राहिल्या डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून पुन्हा बसले. संताप नर्सचा, संगणकाचा, बँकेचा. आणि सगळ्यांच्या तळाशी, कुठेतरी मोज्यात खडा जावा तसा, माझा स्वतःचा.

कारण मला माहीत आहे ना तो धंदा. एकतीस वर्षं मी नगरपालिकेच्या घरदुरुस्ती खात्यात फोनवर बसत होते. ‘काम तातडीचं आहे का?’ असा माझा प्रश्न असे आणि समोर दोन चौकटी असत. पाइप फुटून स्वयंपाकघरात पाणी भरलेली माणसं मला सांगत, ‘तशी घाई नाही हो, तुम्ही कामात असाल.’ आणि मी काय करायचे? ‘घाई नाही’ या चौकटीत खूण. त्यांनीच सांगितलं ना! ओपनशॉ नावाच्या म्हाताऱ्याचा घर गरम ठेवणारा बॉयलर फेब्रुवारीत बंद पडला, तोही म्हणाला, घाई नाही. अकराव्या दिवशी आमचा माणूस दुरुस्तीला पोचला तेव्हा ओपनशॉ कोट-टोपी घालून बिछान्यात बसला होता, आणि त्यानं कारागिराला चहा विचारला. तो कारागीर येऊन माझ्यावर ओरडला, आणि मी म्हटलं, माझ्या कागदावर घाई नाही असंच आहे. मला त्या दिवशी माझं अगदी बरोबर वाटलं होतं.

शॅनन म्हणत होती, ‘ऐका, मी पुन्हा पाठवते नाव. तातडीचं म्हणून. डॉक्टरांची सही मी आत्ता उभ्या उभ्या घेते. केंद्राचा फोन येईल बारा ते सहाच्या मध्ये. आणि बेव्हर्ली, कशा आहात विचारलं ना, तर ते मात्र म्हणू नका.’ मी म्हटलं, ‘नाही म्हणणार.’ ‘माझी आजी पण असंच करते,’ ती म्हणाली, ‘आम्हाला अगदी जीव नको होतो. बरं, आता कसं वाटतंय?’ आणि मी म्हटलं, ‘तशी ब—’ आणि थांबले. ती म्हणाली, ‘राणी, सराव करा.’

बारापर्यंत मी बैठकीतल्या कोचावर पडून होते. पडदा अर्धा ओढलेला, उजेड डोळ्यांना टोचत होता. अशा वेळी घरातल्या वस्तू जवळ येतात आणि मागे जातात, घड्याळ भिंतीवरून उतरून छातीवर येऊन बसतं. मला डॉक्टर पिकर्सगिलची बॅग दिसायला लागली, तपकिरी, तोंडाशी पितळी कडी असलेली. मी अठरा वर्षांची होते, लिनेट चौदाची. आई तीन आठवडे पोट धरून होती. शेवटी बाबांनी तिला न सांगता डॉक्टरला घरी बोलावलं, आणि ते येताहेत म्हटल्यावर आई बिछान्यातून उठली. उठून तिनं उंबऱ्याची पायरी घासली, गुडघ्यांवर बसून, पायरी उजळायचा पांढरा दगड लावून. मग केस विंचरले, ओठांना लाली लावली, चांगले कप काढले. डॉक्टर आले, बसले, आल्याचं बिस्किट खाल्लं. ‘काय म्हणते तब्येत?’ आई म्हणाली, ‘तशी बरी आहे, डॉक्टर, यांनी उगाच तुम्हाला पायपीट करायला लावली.’ आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. मला माहीत होतं की तिनं रात्री तोंडात टॉवेल कोंबला होता. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, कारण परक्या माणसासमोर आईला खोटं पाडायचं नसतं. लिनेटनं माझा हात इतका आवळला की नखं रुतली. दहा मिनिटांनी डॉक्टर गेले, पायरीचं कौतुक करून. नऊ दिवसांनी आई गेली. पुरण्याच्या दिवशी सगळ्या गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, शेवटपर्यंत तक्रार म्हणून केली नाही हो बाईनं, आणि ते आम्हाला पदकासारखं वाटलं होतं. मी ते पदक पंचेचाळीस वर्षं छातीवर लावून फिरतेय. डोक्यात माती.

साडेचारला खिडकीच्या काचेवर टकटक झाली. लिनेट. तिला मी आत घेत नाही, शनिवारपासून ती रोज येते आणि कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर सूपचा थर्मास ठेवून खिडकीशी उभी राहते. एकोणसाठ वर्षांची, बेकरीत सतत उभं राहून पाय सुजलेले, आज अंगावर मेच्या उन्हातही जाड स्वेटर. मी खिडकी चार बोटं उघडली. ‘माझी कशी आहे?’ तिनं विचारलं. अकरा वर्षं ती असंच विचारते. मी कशी आहे हे नाही, तिची कशी आहे. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या शेजारच्या खाटेवरून तिनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, आणि नर्स हसून हसून पडायची बाकी होती. ‘बरी आहे,’ मी नेहमीप्रमाणे म्हटलं, आणि मग कपाळावर हात मारला. तिला सगळं सांगितलं. नोंद, शॅनन, चौथी पायरी, तशी बरी आहे.

‘तू ना, बेव, अगदी गाढव आहेस,’ ती म्हणाली. ‘माझ्या किडनीची मालकीण असून हे असं बोललीस?’

‘तुझी काय अन् माझी काय! तू काय म्हणाली असतीस?’

‘मी? मी रडून गोंधळ घातला असता.’

‘हो, तू? दाताच्या डॉक्टरनं भूल न देता दात काढला तेव्हा त्याला सॉरी म्हणालीस.’

‘तो नवीन होता बिचारा. बरं चल, मी नर्स. लाव फोन कानाला. लाव! हॅलो, बेव्हर्ली, कशा आहात आज?’

‘तशी—’

‘बेव!’

‘तोंडातून आपोआप येतं गं.’

‘पुन्हा. कशा आहात आज?’

‘फार काही वि—’

‘फार काही नाही नको! फार आहे म्हण. शेजारच्या श्रीमती बूथकडे बघ, तिला शिंक आली तरी पंचनामा करते. ती बाई शंभर वर्षं जगणार आहे.’ आणि मग लिनेटनं खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकले, थोडी वाकली, दम खात, आणि म्हणाली, ‘हे बघ, तुला कधी कळलं की तुला चौथी पायरी चढता येत नाही?’ मी म्हटलं, सकाळी. ‘मग ते सांग. कसं वाटतंय ते नको सांगू, ते आपल्याला येतच नाही. काय होतंय ते सांग. किती पायऱ्या, किती वेळा, कुठे.’ ती बेकरीत कामाला, शाळा पंधराव्या वर्षी सोडलेली, आणि एकतीस वर्षं फोनवर घालवलेल्या मला हे कळलं नव्हतं.

फोन आला तो पाच वाजून चाळीस मिनिटांनी. तीच नर्स. ‘काल आपण बोललो होतो, बेव्हर्ली. कशा आहात?’ खिडकीबाहेर लिनेट होती, तिनं दोन्ही मुठी आवळल्या. इतकं साधं वाक्य, आणि ते बोलायला कपडे काढून रस्त्यावर उभं राहावं तसं वाटत होतं. मी म्हटलं, ‘मी बरी नाही.’ बस, एवढंच, आणि मग जे सुटलं ते मला आवरेना. ‘मी काल खोटं बोलले. म्हणजे खोटं नाही, आम्ही म्हणतो तसं म्हणाले. मी सकाळी चौथी पायरी चढू शकले नाही आणि जिन्यातच कपडे ओले केले. दोनदा. वाक्य पूर्ण करायला मला मधे थांबावं लागतं, तुम्हाला ऐकू येत असेल. शनिवारपासून जेवण नाही. किडनीवर हात ठेवला की दुखतं, कदाचित दुखत नसेल, मी सारखी दाबून बघते म्हणून दुखत असेल. ती माझी नाही. माझ्या बहिणीची आहे. ती माझ्या हातून गेली तर मी तिला तोंड कसं दाखवू? मला भीती वाटते. मला फार भीती वाटते हो.’ पलीकडे टाइप केल्याचा आवाज आधी येत होता, तो थांबला होता. मग ती बाई हळूच म्हणाली, ‘हे तुम्ही काल का नाही सांगितलंत?’ आणि मी म्हटलं, ‘तुम्ही तरी काल काय सांगितलंत?’ ती एकदम हसली, रडल्यासारखं. म्हणाली, ‘खरं आहे. मी सलग नववा दिवस काम करत होते.’

त्यानंतर ती झपाझप बोलली. एकामागून एक प्रश्न, मी मोजले, नऊ होते. किती पायऱ्या चढता. झोप लागते का. लघवीचा रंग. पायांना सूज. असे. गोळ्या मला चालणार नाहीत, म्हणाली, किडनीच्या औषधांशी त्यांचं भांडण होतं, मला सलाईनमधून द्यायचं औषध लागेल, आणि ते मोठ्या हॉस्पिटलात येऊनच. उद्या तीनला जागा आहे. ‘येऊ शकाल? टॅक्सी नको, इतरांना लागण होईल. आमची गाडी पाठवता येईल, पण ती लवकरात लवकर गुरुवारी.’ मी म्हटलं, ‘गुरुवारी कशाला, थडग्यावर फुलं घेऊन?’ ती म्हणाली, ‘मला ठाऊक आहे, मलाही वैताग आहे.’ खिडकीतून लिनेटनं काचेवर बोट आपटलं आणि स्वतःच्या छातीकडे दाखवलं. मी मान हलवली, नाही, तुझीही आता एकच आहे, तू कशाला. ती ओरडली, ‘सांग तिला, बहीण आणते म्हणून!’ नर्सला ते ऐकू गेलं. मी फोन ठेवला तेव्हा लिनेट पाठ करून उभी होती, श्रीमती बूथच्या डब्यांकडे बघत. मी बोललेलं सगळं तिनं ऐकलं होतं. मग न वळताच म्हणाली, ‘सूप गार होईल, घे.’

बुधवारी दुपारी तिची छोटी निळी गाडी, चारी काचा खाली, दोघींच्या तोंडावर मास्क, मी मागच्या सीटवर कोपऱ्यात डोकं बाहेर काढून बसलेली. वाटेत वळणावर रस्ता खणलेला. असणारच. मग हॉस्पिटलात पाटी एकीकडे आणि बाण दुसरीकडे, शेवटी इमारतीच्या मागे कचरापेट्यांच्या शेजारी औषध केंद्राचा पत्र्याचा खोका, आणि आतल्या माणसाच्या यादीत माझं नाव नाही. मी म्हटलं, ‘बघा पुन्हा.’ म्हणाला, नाही. मी म्हटलं, ‘भाऊ, मी इथून हलणार नाही. मी बरी नाही, आणि मला सहापर्यंत औषध मिळालं पाहिजे, आणि मी आता हे मोठ्यानं म्हणायला शिकले आहे.’ नाव हॉल्डनऐवजी बेव्हर्लीखाली होतं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी सुई लागली. अर्धा तास ती बारीक धार माझ्या हातात उतरत राहिली, गार, कोपरापर्यंत जाणवणारी, मग तासभर नुसतं बसवून ठेवलं. भिंतीवर एक तक्ता होता, हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्यापर्यंत दहा चेहरे, तुमचं दुखणं कुठल्या नंबरचं ते दाखवा. मी इतकी वर्षं नेहमी तीन नंबर दाखवत आले. तीन हा सभ्य माणसाचा आकडा आहे.

बाहेर आले तर लिनेट गाडीत सीट मागे करून डोळे मिटून पडली होती. मी दार उघडलं तशी उठून बसली. ‘मिळालं?’

‘मिळालं.’

तिनं डोळे मिटून श्वास सोडला. ‘माझी कशी आहे?’

‘आहे अजून,’ मी मागे बसत म्हटलं. ‘तू कशी आहेस?’

‘तशी बरी आहे,’ ती म्हणाली आणि किल्लीला हात घातला.

मी मागच्या सीटवरून तिच्याकडे बघत राहिले. मेच्या उन्हात जाड स्वेटर. मानेवरची कातडी पिवळट. बुटांच्या नाड्या सोडलेल्या, कारण पाऊल आत मावत नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून खाल्लेला दम. बेकरीत उभं राहून पाय सुजतात, मी किती दिवस हे असंच म्हणत होते? आणि ती अकरा वर्षं तिच्या किडनीची चौकशी करत आली, तेव्हा मी तिला उलट कधी, एकदा तरी? विचारलं असेल. आणि तिनं हेच म्हटलं असेल, आणि मी खूण केली असेल. घाई नाही.

‘लिनेट, गाडी चालू करू नकोस. किती पायऱ्या चढतेस?’

‘काय?’

‘एका दमात. किती?’

‘बेव, डोकं फिरलंय का तुझं? ताप आहे तुला.’

‘किती?’

आरशात तिचे डोळे दिसत होते, मास्कच्या वर, आईचे. आईचेच अगदी, पायरी घासून आलेले. तिनं किल्ली सोडली.

‘सात,’ ती म्हणाली. ‘कधी पाच.’

‘कधीपासून?’

‘फेब्रुवारीत रक्त तपासलं तेव्हा किडनीचा आकडा घसरला होता. गेल्या आठवड्यात पुन्हा तपासलं, अजून घसरलाय.’ ती समोरच्या कचरापेट्यांकडे बघत बोलत होती, हवापाण्याचं सांगावं तशी. ‘लगेच काही नाही म्हणाले.’

‘आणि तू मला, माझ्या अंगात हा असा आजार असताना, गाडीत घालून घेऊन आलीस? मला का नाही सांगितलंस? फेब्रुवारीपासून? लिनेट, मला का नाही सांगितलंस?’ मी ओरडत होते, खोकत होते, रडत होते, मास्क सगळा ओला झाला होता, आणि पत्र्याच्या खोक्यातला तो माणूस दारात येऊन बघत होता.

‘सांगून काय करणार होतीस?’ ती म्हणाली. ‘परत देणार होतीस?’

मला हसू आलं. तिलाही आलं. दोघी वेड्यासारख्या हसलो, मग तिचं हसणं बदललं आणि खांदे हलत राहिले. मला तिला हात लावता येत नव्हता. माझा हात तिच्या सीटच्या पाठीवर होता, तिथेच मी तो दाबून ठेवला. मग मी नाक पुसलं, पर्समधून पेन काढलं, हॉस्पिटलातल्या कागदाची मागची बाजू मांडीवर उलटी केली.

‘झोप लागते का?’ मी विचारलं.

‘नाही,’ लिनेट म्हणाली.

मी लिहून घेतलं. अजून सात प्रश्न होते.